उसने बळ

उज्जैनचे देवास गेट देवासला नाही, हे नवख्या माणसाला सांगावे लागते. आपल्याकडे वेशीला नाव पडते ते तिच्यातून निघालेली वाट जिथे जाते त्या गावाचे. पुण्याच्या शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा दिल्लीपासून शेकडो कोस दूर आहे आणि जुन्या औरंगाबादेतलाही तसाच. वेस नेहमी निघणाऱ्याच्या बाजूने बोलते. देवासकडून चाळीसेक किलोमीटर चालून कोणी दमूनभागून उज्जैनच्या तोंडाशी आला, तर त्याच्या कानावर पडते ते तो मागे टाकून आलेल्या गावाचेच नाव.

इतिहासाचीही खोड अशीच आहे. यात्रा कोठून व कधी निघाली हे नोंदले जाते, निघतानाचे छायाचित्र छापून येते, झेंडा कोणी दाखवला तेही कळते. ती पोचली तेव्हा काय झाले आणि पोचल्यानंतर काय उरले, याला मात्र दोन ओळी मिळाल्या तरी पुष्कळ. बाबा आमटे यांच्या 'भारत जोडो' सायकलयात्रेचे असेच झाले आहे. तिच्या शेवटाविषयी लिहायचे तर सुरुवात माळव्यातल्या या वेशीपासून करावी असे मला वाटते. त्याला दोन कारणे आहेत.

पहिले कारण ही वाट जिथे जाते ते देवास. तुकोजी आणि जिवाजी या दोघा पवार बंधूंनी अठराव्या शतकात तेथे आपला अंमल बसवला, आणि पुढे थोरली पाती आणि धाकटी पाती अशी एकाच गावात दोन संस्थाने नांदू लागली. दोन राजे, दोन दरबार आणि एकाच वस्तीतून गेलेली हद्द! दोन्ही घराणी मराठी, मूळ एक, देवी एक. तरी हद्द ती हद्दच. १९४८ साली दोन्ही संस्थाने मध्य भारतात विलीन झाली तेव्हा ती पुसली गेली. सीमेवर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना याचे नवल वाटू नये. भाषा वेगळी म्हणूनच माणसे वेगळी होतात असे नाही. हद्द आखायला भाऊसुद्धा पुरतात.

दुसरे कारण खुद्द उज्जैनमध्येच आहे. तिथली पंचक्रोशी यात्रा ११८ किलोमीटरची, पायी करायची. उत्तरेकडच्या पंचांगाप्रमाणे वैशाख वद्य दशमीला ती सुरू होते आणि अमावास्येला संपते. आपल्या पंचांगात तो चैत्र वद्य पक्ष असतो, म्हणजे माळव्यातल्या घरी एक तिथी दोन महिन्यांत मोजायची सवय मराठी माणसाला करून घ्यावी लागते. पिंगलेश्वर, करोहन, अंबोदिया, जैथल असे चारी दिशांचे मुक्काम, डोक्यावर शिधा आणि वर ऊन. पण मला मोलाची वाटते ती या यात्रेची रीत. निघण्यापूर्वी यात्रेकरू पटनी बाजारातल्या नागचंद्रेश्वराला नारळ वाहतो आणि त्याच्याकडून बळ मागून घेतो. हे बळ देणगी म्हणून मिळत नाही, ते उसने असते. म्हणून चालून परत आल्यावर तो पुन्हा त्याच देवळात जातो आणि मातीचा घोडा वाहून ते बळ फेडतो. घोडा वाहिला की यात्रा संपली. ११८ किलोमीटर पुरे झाले म्हणून ती संपत नाही.

इतका साधा हिशेब आपल्या आधुनिक यात्रांना का सुचला नसावा?

सायकलवरच्या लांब पल्ल्याच्या सामूहिक प्रवासाला आपल्या देशात मोठी परंपरा आहे. ऑक्टोबर १९२३ मध्ये मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलने जगप्रदक्षिणेला निघाले. त्यांतले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे मार्च १९२८ मध्ये, ७० हजारांवर किलोमीटर तोडून, मुंबईला परतले. ते धाडस होते. आपण होऊन पत्करलेले आणि आपल्या हिंमतीवर पुरे केलेले. त्यांचा शेवट सरळ होता: जिथून निघालो तिथे आलो. पुढे मात्र अशा प्रवासांना हेतू जोडले जाऊ लागले. रोगाविरुद्ध, शाळेसाठी, शांतीसाठी. हेतू आला की शेवट अवघड होतो. कॅनडाचा टेरी फॉक्स एक पाय कृत्रिम असताना कर्करोग संशोधनाच्या निधीसाठी १२ एप्रिल १९८० रोजी देशाच्या पूर्व किनाऱ्यावरून धावत निघाला. १४३ दिवस आणि ५,३७३ किलोमीटरनंतर रोग फुप्फुसांत पोचल्याने १ सप्टेंबरला त्याला थांबावे लागले, आणि पुढल्या वर्षी जूनमध्ये, बाविसाव्या वर्षी, तो गेला. पश्चिम किनारा राहिलाच. तरी त्याच्या नावाची दौड दरवर्षी देशोदेशी होते. अंतर पुरे झाले नाही, पण काम चालू राहिले.

बाबा आमट्यांची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. तिथे अंतर पुरे झाले.

मुरलीधर देवीदास आमटे, जन्म हिंगणघाटचा, २६ डिसेंबर १९१४. वरोऱ्याला वकिली केली, मग कुष्ठरुग्णांसाठी महारोगी सेवा समिती काढली, आणि १९५१ साली आनंदवन उभे राहिले. खिशात १४ रुपये, सोबत सहा रुग्ण आणि एक लंगडी गाय, अशी त्या आरंभाची गोष्ट सांगतात. तो भागही आपल्यासारखाच, दोन भाषांच्या शेजारातला: चंद्रपूर जिल्ह्याच्या दक्षिणेला तेलुगू सुरू होते. आनंदवनाच्या मुळाशी एक कठोर विचार होता. दान माणसाला नासवते आणि काम त्याला उभे करते, असे बाबा सांगत. पट्ट्या बांधलेल्या हातांनी विहिरी खणल्या, शेती केली, कापड विणले, ते या विचाराने. ज्याने भीक मागू नये असे समाजाला वाटत होते, पण ज्याला दुसरे काही करूही दिले जात नव्हते, त्याच्या हाती बाबांनी कुदळ दिली.

असा माणूस लोकांपुढे थाळी फिरवायला देशभर सायकली का हिंडवील? त्याने तसे केलेच नाही. 'भारत जोडो' ही निधी गोळा करण्याची यात्रा नव्हती. धर्मादाय यात्रांच्या यादीत तिला घालावे की नाही, हा म्हणूनच खरा प्रश्न आहे. माझे उत्तर, घालावे, आणि पहिल्या क्रमांकावर घालावे. कारण तिथे मागितले गेले ते पैशापेक्षा देणाऱ्याला जड जाणारे होते.

काळ आठवून पाहा. १९८४ मध्ये सुवर्णमंदिरातली लष्करी कारवाई, ऑक्टोबरअखेर इंदिरा गांधींची हत्या आणि तिच्या पाठोपाठ दिल्लीतला शिखांचा संहार. त्याच वर्षी मे महिन्यात भिवंडी-मुंबईची दंगल. १९८५ च्या जुलैत राजीव गांधी आणि संत हरचंदसिंग लोंगोवाल यांचा करार झाला आणि ऑगस्टमध्ये लोंगोवालांचाच खून पडला. आसामचा करार त्याच ऑगस्टमधला. अशा वेळी, डिसेंबर १९८५ मध्ये, साने गुरुजींच्या जयंतीला, कन्याकुमारीहून शंभरावर तरुण-तरुणी सायकलींवर निघाले. सगळे पस्तिशीच्या आतले. आंतरभारतीचे स्वप्न पाहणाऱ्या गुरुजींचा दिवस निवडण्यात औचित्य होते. बाबा त्याच आठवड्यात एकाहत्तर वर्षांचे झाले. मणक्यांच्या दुखण्यामुळे त्यांना बसता येत नसे. उभे राहायचे नाहीतर आडवे व्हायचे. सायकलींच्या सोबतच्या वाहनात ते आडवे पडून आले.

पल्ला पाच हजारांवर किलोमीटरचा. दिवसाला पन्नास धरले तरी शंभर दिवस! आणि त्या वेळची सायकल म्हणजे आजची हलकी, गिअरची नव्हे. पोलादी सांगाडा, लांब सळ्यांचे ब्रेक, चढाला उतरून ढकलणे आणि उताराला देवाचे नाव. पण माझ्या मते श्रमाहून अवघड गोष्ट रोज संध्याकाळची होती. दर काही दिवसांनी भाषा बदलायची, भाकरीचा भात व्हायचा, भाताची रोटी व्हायची, आणि अनोळखी गावात पाठ टेकायची. द्विभाषक जिल्ह्यात वाढलेल्याला हे सोपे वाटेल. बाजारात एक भाषा, देवघरात दुसरी, हे आपण आईच्या कडेवर शिकतो. ज्या घरात एकच भाषा आहे तिथल्या मुलाला मात्र परक्या बोलीत पाणी मागताना प्रथम कळते की आपण मागणारे आहोत. दानाचा तिटकारा असलेल्या बाबांनी या मुलांना देशभर मागायला लावले, असेच म्हणायला हवे. निवारा, घोटभर पाणी, ऐकून घेण्याची तयारी. हे बळ त्यांचे नव्हते, वाटेवरच्या गावांचे होते.

१९८६ साली यात्रा काश्मीरच्या टोकाला जाऊन पुरी झाली. आता त्या वर्षाचा जून पाहा. सायकली घरोघर परतल्याला फार दिवस झाले नव्हते, तोच बेळगाव भागात कन्नडसक्तीविरुद्ध आंदोलन पेटले, गोळीबार झाला आणि माणसे मेली. त्यांची नावे सीमाभागात अजून घेतली जातात. मग 'भारत जोडो'ने काय जोडले, असे कोणी विचारले तर रागावू नये. प्रश्न रास्त आहे. सायकलीने सरकारी आदेश मागे घेतले जात नाहीत आणि पोलिसांच्या बंदुकाही खाली होत नाहीत. त्याच दिवसांत दोन्ही भाषांची घरे शेजारी शेजारी होती आणि एकाच चक्कीवर दळत होती, हेही तितकेच खरे. यात्रेने नवे काही जोडले असे मी म्हणणार नाही. जे जोडलेले होते त्यावरून ती चालून गेली, आणि ते कुठे कुठे शाबूत आहे हे शंभरावर तरुणांनी डोळ्यांनी पाहिले. एवढेच, पण ते थोडे नाही.

बाबांनाही ती संपली असे वाटले नसावे. १९८८ मध्ये दुसरी यात्रा निघाली, अरुणाचलातल्या इटानगरहून गुजरातच्या ओख्यापर्यंत, साडेसात हजार किलोमीटरच्या आसपास. दक्षिण-उत्तर झाले, आता पूर्व-पश्चिम. (नावाचे पुढे काय झाले ते वाचकांना ठाऊक आहे. २०२२ मध्ये राहुल गांधींची याच नावाची पदयात्रा कन्याकुमारीहून निघाली आणि २९ नोव्हेंबरला उज्जैनला पोचली. ती राजकीय होती, तिचा हिशेब ज्याने त्याने मांडावा. नाव कोणी आधी वापरले होते, हे त्या दिवसांत मराठी वर्तमानपत्रांनी आठवणीने छापले, एवढे बरे झाले.)

दोन यात्रा झाल्या, देश उभा-आडवा ओलांडून झाला. उसने घेतलेल्या बळाची फेड मात्र राहिली होती, आणि ती कशी झाली हे पाहायला पुन्हा माळव्याकडेच यावे लागते. १९९० मध्ये, पंच्याहत्तरी ओलांडल्यावर, बाबांनी स्वतःच उभे केलेले आनंदवन सोडले आणि ते नर्मदेच्या काठी, बडवानीजवळ कसरावदला राहायला आले. देवास गेटहून दक्षिणेला, माळव्याचे पठार उतरून निमाडात. मुलूख हिंदी आणि निमाडीचा. धरणात ज्यांची घरे-शेते जाणार होती ते भिलाला, पाटीदार, केवट. त्या माणसांना मदत वाटायला बाबा आले नव्हते, त्यांच्याबरोबर राहायला आले होते. अशीच माणसे दोन्ही यात्रांत वाटेवर भेटली असतील. कोणाच्या ओसरीवर सायकली टेकल्या असतील, कोणाच्या माठातले पाणी प्यायले गेले असेल. त्या वेळी निरोप घेऊन पुढे जायचे होते. आता पुढे जायचे नव्हते.

तिथे ते दहाएक वर्षे राहिले. पाठीच्या दुखण्याने पडून, भेटायला येणाऱ्यांशी आडवेच बोलत. मग प्रकृतीने आनंदवनात परतावे लागले आणि ९ फेब्रुवारी २००८ रोजी तेथेच ते गेले. २०१९ च्या सप्टेंबरात सरदार सरोवर पहिल्यांदा काठोकाठ भरले आणि फुगवट्याचे पाणी त्या काठच्या गावांत चढले.

कसरावदच्या त्या घराला बाबांनी नाव दिले होते 'निजबल'.