मिठागरापासून मीटरपर्यंत

भाईंदर पश्चिमेतल्या विजेच्या बिलाचा इतिहास सांगायचा तर सुरुवात मिठागरापासून करावी लागते. उधाणाचे पाणी बांधाआड घ्यायचे, एका वाफ्यातून दुसऱ्यात सोडत उन्हावाऱ्यावर आटवायचे आणि शेवटच्या उथळ वाफ्यात मीठ धरू द्यायचे, ही इथल्या आगरांची रीत. समुद्राच्या पाण्यात मीठ शेकडा साडेतीनच्या आसपास. बाकीचे पाणी उडवायला किती उष्णता लागते ते बंगालकडे पाहिले की कळते. तिथल्या दमट किनाऱ्यावर मलंगी म्हणजे मीठ काढणारे मजूर खारे पाणी भट्टीवर उकळून मीठ काढत आणि त्यापायी जंगलातले लाकूड जळे. भाईंदरच्या आगराला जळण लागत नसे. वाफा किती उथळ ठेवायचा, पाणी कधी पुढे सोडायचे, हे ठरलेले असल्यामुळे बचत आगराच्या घडणीतच होती.

यावर कोणी म्हणेल, की ऊन फुकट असले तरी मजुराचा घाम फुकट नव्हता. हा आक्षेप खराच आहे. खाऱ्या पाण्यात दिवसभर उभे राहून पाय भेगाळत आणि मिठाच्या पाट्या डोक्यावरून वाहाव्या लागत. इंधन वाचले, पण बराचसा भार माणसाच्या अंगावर पडला. घरातल्या विजेच्या बचतीलाही हाच निकष लावायला हवा. घरात दिवे आणि पंखे बंद करत फिरायचे काम बहुधा एकाच बाईच्या वाट्याला येते. सवयी हव्यातच, पण ज्या बचतीसाठी कोणाला तरी सतत पहारा करावा लागतो, ती फार दिवस टिकत नाही.

मुर्धा, राई, मोर्व्याच्या जुन्या घरांत कौले, पडवी आणि समोरासमोरची दारे-खिडक्या उन्हाळा सोसत. इमारती उभ्या राहिल्या तशी ती जबाबदारी विजेकडे गेली. इथे वीज पुरवणारी बीएसईएस ही १९२९ सालची कंपनी. तिचा कारभार पुढे रिलायन्सकडे आणि २०१८ मध्ये अदानीकडे गेला. मीटरवरचे नाव बदलत राहिले, पण वापर ठरवणारा बदल दुसरीकडे घडत होता. मिरा-भाईंदर महापालिका २८ फेब्रुवारी २००२ रोजी झाली आणि दुसऱ्याच दिवशी, १ मार्चला, दिल्लीत ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सुरू झाला. त्याने २००६ मध्ये उपकरणांवर कमी वीज खाण्याची प्रत दाखवणारे तारे आणले. २०१० पासून ते फ्रॉस्ट-फ्री फ्रिज आणि एसीला सक्तीचे झाले, २०२३ पासून छताच्या पंख्यालाही. आगरात जी बचत बांधाने केली, ती आता मोटारीच्या घडणीत आली.

एकच पंखा घ्या. ७५ वॅटचा जुना पंखा रोज १२ तास फिरला तर महिन्याला २७ युनिट खातो. ३० वॅटचा बीएलडीसी, म्हणजे ब्रश नसलेल्या मोटारीचा, पंखा ११ युनिटांच्या आत राहतो. वारा तोच मिळतो आणि १६ युनिट वाचतात. आपल्याकडे १००, ३०० आणि ५०० युनिटांच्या टप्प्यांवर दर चढत जातो, म्हणजे वाचणारे युनिट नेहमी आपल्या बिलातल्या सर्वांत महागड्या टप्प्यातले असते. नवा पंखा महाग पडतो हे मान्य. पण पंख्याची किंमत दुकानात एकदाच मोजतो आणि त्याची वीज वर्षानुवर्षे. म्हणून जो पंखा सर्वांत जास्त तास फिरतो, तो आधी बदलावा. भाड्याच्या घरात राहणाऱ्यालाही तो जाताना काढून नेता येतो.

वीज स्वस्तात वापरता आली की माणूस जास्त वापरतो, हा आक्षेप अधिक अवघड आहे. ताऱ्यांचा एसी आणून तो १८ अंशांवर ठेवला तर वाचलेले सगळे निघून जाते. सवयीची खरी जागा इथे आहे. एसी २४ वर ठेवावा. २०२० पासून नव्या तारांकित एसीत मुळातच तो आकडा लावलेला असतो. संध्याकाळी खाडीवरचा वारा सुटला की खिडकी उघडावी. आगरातही पाणी कधी पुढे सोडायचे हे माणसालाच पाहावे लागे, पण आटवायचे काम बांध, ऊन आणि वारा मिळून करत. घरातही माणसाच्या वाट्याला एवढेच लक्ष ठेवणे यावे; बाकीची बचत उपकरणाने करावी.