विद्यार्थी संशोधन पारितोषिके : आर्थिक व सामाजिक अभ्यास

विद्यार्थी संशोधन पारितोषिके : पदवी, पदव्युत्तर किंवा पीएच.डी. पातळीवर शिकणाऱ्या विद्यार्थ्याने स्वतः माहिती गोळा करून व तिचा अर्थ लावून केलेल्या अभ्यासाला विद्यापीठ, विद्वत्संस्था किंवा शासन यांच्याकडून स्पर्धेच्या मार्गाने दिली जाणारी मान्यता. परीक्षेतील गुणवत्तेबद्दल मिळणारे सुवर्णपदक, शिक्षणखर्चासाठी मिळणारी शिष्यवृत्ती आणि ठरवून दिलेल्या विषयावरील निबंधाचे बक्षीस यांहून हे पारितोषिक वेगळे असते, कारण त्यात प्रश्न विद्यार्थ्याने निवडलेला असतो आणि त्याचे उत्तर पाठ्यपुस्तकात नसते. अर्थशास्त्र, समाजशास्त्र, लोकसंख्याशास्त्र, राज्यशास्त्र आणि इतिहास या विषयांत अशा पारितोषिकांची संख्या निसर्गविज्ञाने व अभियांत्रिकी यांच्या तुलनेने कमी आहे. महाराष्ट्रात या क्षेत्रातील सर्वांत व्यापक स्पर्धा म्हणजे राज्यपालांच्या, म्हणजे कुलपतींच्या, कार्यालयाच्या पुढाकाराने २००६ मध्ये सुरू झालेले ‘आविष्कार’ आंतरविद्यापीठ संशोधन संमेलन होय.

एखाद्या देशाच्या अर्थव्यवस्थेपुरते मर्यादित असलेले विद्यार्थी पारितोषिक कसे असते, याचे ठळक उदाहरण क्यूबाविषयक अभ्यासात सापडते. सोव्हिएत गट कोसळत असताना १९९० मध्ये अमेरिकेतील अर्थतज्ज्ञांनी ‘असोसिएशन फॉर द स्टडी ऑफ द क्यूबन इकॉनॉमी’ ही संस्था स्थापन केली. तिची वार्षिक परिषद १९९१ पासून भरते आणि तेथे वाचलेले निबंध ‘क्यूबा इन ट्रान्झिशन’ या खंडमालेत प्रसिद्ध होतात. या संस्थेची विद्यार्थी निबंध स्पर्धा होर्हे पेरेझ-लोपेझ यांच्या नावाने चालते. अमेरिकेच्या कामगार खात्यात काम केलेल्या या अर्थतज्ज्ञाने १९८७ च्या आपल्या ग्रंथात क्यूबाच्या औद्योगिक उत्पादनाचा निर्देशांक स्वतंत्रपणे रचून दाखवला होता. क्यूबा त्या काळी समाजवादी देशांत रूढ असलेल्या भौतिक उत्पादन पद्धतीने हिशेब ठेवत असे, म्हणजे वस्तूंचे उत्पादन मोजले जाई पण शिक्षण, आरोग्य यांसारख्या सेवांचा मोठा भाग राष्ट्रीय उत्पन्नाबाहेर राही. त्यामुळे अन्य देशांशी तुलना करणे कठीण होते, आणि जो अभ्यासक मूळ आकडेवारीच तपासून नव्याने बांधू शकेल त्याच्या कामाला विशेष मोल होते. १९९० नंतरच्या खडतर काळात, ज्याला क्यूबात ‘विशेष कालखंड’ म्हणतात, राष्ट्रीय उत्पन्न सुमारे एक तृतीयांशाने घसरले. पुढे दुहेरी चलनाची व्यवस्था आली, ती २०२१ च्या आरंभी संपवण्यात आली. अशा देशाचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याला तयार आकडे फारसे मिळत नाहीत, आणि या स्पर्धेचे महत्त्व तेथेच आहे. पदवी व पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे निबंध त्यात वेगवेगळे तपासले जातात, विजेत्याला परिषदेत जाणकारांसमोर बोलण्याची संधी मिळते आणि निबंध खंडात छापला जाण्याची वाट मोकळी होते. खुद्द क्यूबातील विद्यापीठांतही विद्यार्थ्यांची वैज्ञानिक संमेलने भरतात, पण ती सर्व विद्याशाखांची मिळून असतात आणि त्यांचा घाट ‘आविष्कार’च्या अधिक जवळचा आहे.

महाराष्ट्रात विद्वत्तेला सार्वजनिक पैशातून बक्षीस देण्याची परंपरा बरीच जुनी आहे. पेशवाईत पुण्याला श्रावणात वाटली जाणारी दक्षिणा कंपनी सरकारने १८१८ नंतर आटोपशीर रूपात चालू ठेवली. १८४९ च्या सुमारास तिचा काही भाग उपयुक्त मराठी ग्रंथांच्या उत्तेजनाकडे वळवावा अशी मागणी लोकहितवादींसह सुधारकांनी केली, तेव्हा सनातनी विरोधकांपासून अर्जदारांचे संरक्षण करण्यासाठी जोतीराव फुले उभे राहिले. या निधीतूनच पुढे दक्षिणा प्राइझ कमिटीची ग्रंथपारितोषिके आणि महाविद्यालयांतील दक्षिणा फेलो ही पदे निघाली. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे दोघेही दक्षिणा फेलो होते. जन्मजात अधिकाराने मिळणारे दान आणि कामाच्या तपासणीनंतर मिळणारे पारितोषिक यांतील फरक महाराष्ट्रात या वादातून प्रथम जाहीरपणे मांडला गेला, म्हणून संशोधन पारितोषिकांच्या इतिहासात त्याची नोंद घेणे क्रमप्राप्त ठरते.

विद्यार्थिदशेतील संशोधन किती दूर जाऊ शकते याचा मराठी माणसाला ठाऊक असलेला सर्वोत्तम दाखला मात्र पारितोषिकाशिवायचा आहे. भीमराव आंबेडकर यांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या अभ्यासवर्गात भारतातील जातींची यंत्रणा, उत्पत्ती आणि विकास यांवर निबंध वाचला आणि तो पुढच्या वर्षी ‘इंडियन अँटिक्वेरी’त छापून आला. शतकानंतरही त्याचा हवाला दिला जातो, कारण तो वेळीच प्रसिद्ध झाला.

कोल्हापुरात आर्थिक व सामाजिक संशोधनाच्या परंपरेला संस्थानकाळापासून पाया मिळाला. १८८० मध्ये महाविद्यालय म्हणून सुरू झालेल्या राजाराम कॉलेजचे १९२२ पासूनचे प्राचार्य डॉ. बाळकृष्ण हे स्वतः आर्थिक इतिहासाचे संशोधक होते. भारत व इंग्लंड यांच्या १६०१ ते १७५७ या काळातील व्यापारी संबंधांवरचा त्यांचा ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि कोल्हापूरला शिवाजी महाराजांच्या नावाचे विद्यापीठ असावे ही कल्पना त्यांनीच आग्रहाने मांडली. ती १८ नोव्हेंबर १९६२ रोजी शिवाजी विद्यापीठाच्या रूपाने प्रत्यक्षात आली. दरम्यान पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने एन. व्ही. सोवनी यांच्या नेतृत्वाखाली कोल्हापूर शहराची सामाजिक पाहणी केली आणि १९४८ ते १९५२ या काळात तिचे तीन खंड प्रसिद्ध झाले. लोकसंख्या व जननप्रमाण, उद्योग, व्यापार व मजूर, तसेच कुटुंबांचे राहणीमान व सामाजिक जीवन अशी त्यांची विभागणी होती. घरोघर प्रश्नावली भरून घेऊन एका मध्यम आकाराच्या शहराचे इतके बारकाईने केलेले चित्रण त्या काळी देशात विरळाच होते. आजही कोल्हापूरवर प्रबंध लिहिणाऱ्याने हे खंड न पाहता आरंभ केला तर परीक्षकाने तो परत करावा, इतके त्यांचे स्थान पायाभूत आहे.

‘आविष्कार’ची रचना पायऱ्यांची आहे. महाविद्यालयात आणि जिल्ह्यात निवड होऊन विद्यार्थी विद्यापीठ पातळीवर येतो आणि तेथून निवडलेला संघ राज्यातील आंतरविद्यापीठ संमेलनात उतरतो. अकृषी विद्यापीठांबरोबर कृषी, आरोग्यविज्ञान, तंत्रशास्त्र आणि पशुविज्ञान यांची विद्यापीठेही त्यात सहभागी होतात. विषयांचे सहा गट आहेत : मानव्यविद्या, भाषा व ललित कला; वाणिज्य, व्यवस्थापन व विधी; शुद्ध विज्ञाने; कृषी व पशुसंवर्धन; अभियांत्रिकी व तंत्रज्ञान; वैद्यक व औषधनिर्माण. प्रत्येक गटात पदवी, पदव्युत्तर आणि त्यापुढील संशोधक अशा पातळ्या वेगळ्या धरल्या जातात. पहिल्या टप्प्यात विद्यार्थी आपले काम भित्तिपत्रकावर, म्हणजे रूढ शब्दांत पोस्टरवर, मांडून त्यासमोर उभा राहतो आणि परीक्षकांच्या प्रश्नांना उत्तरे देतो. त्यातून निवड झालेल्यांना दुसऱ्या टप्प्यात व्यासपीठावरून सादरीकरण करावे लागते. अर्थशास्त्राची या मांडणीत ओढाताण होते. शेतकरी आत्महत्या किंवा स्थलांतर यांवरचा अभ्यास मानव्यविद्येत जातो, पतसंस्थांच्या थकबाकीवरचा वाणिज्यात, आणि ऊसशेतीच्या खर्चाचा अभ्यास कृषी गटातही बसू शकतो, तेव्हा तीच पद्धती वापरणारे तीन विद्यार्थी तीन वेगळ्या परीक्षकमंडळांपुढे उभे राहतात.

शिवाजी विद्यापीठाचे कार्यक्षेत्र २००४ मध्ये सोलापूर वेगळे झाल्यापासून कोल्हापूर, सांगली आणि सातारा या तीन जिल्ह्यांचे आहे. शहर आणि विद्यापीठाचे विद्यानगर यांच्या दरम्यान पसरलेली राजारामपुरी, जिच्या गल्ल्या नावाऐवजी क्रमांकाने ओळखल्या जातात, ही या विद्यार्थिवर्गाची नेहमीची वस्ती व वाट आहे. प्रबंधाची टंकलिखित प्रत, बांधणी आणि पोस्टरची छपाई ही कामे शहरातल्या अशाच बाजारपेठांत होतात. पलीकडे सायबर या नावाने ओळखली जाणारी, १९७६ मध्ये डॉ. ए. डी. शिंदे यांनी उभी केलेली छत्रपती शाहू व्यवस्थापन संस्था आणि सागरमाळावरचे राजाराम कॉलेज आहे. एका फेरफटक्यात पायी गाठता येतील एवढ्या अंतरात अर्थशास्त्र, समाजकार्य, व्यवस्थापन आणि इतिहास यांचे विद्यार्थी राहतात, आणि त्यांना लागणारे अभ्यासविषयही याच जिल्ह्यात तासाभराच्या एस.टी. प्रवासावर मिळतात, हा योग महाराष्ट्रात फार ठिकाणी नाही.

हे विषय खरोखरच समृद्ध आहेत. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये वसवलेली शाहूपुरी ही गुळाची पेठ, साखर कारखान्यांनी मागे ढकललेली गुऱ्हाळघरे, उसाला मिळणारी एफआरपी, म्हणजे केंद्र सरकार साखर उताऱ्याशी जोडून ठरवते ती रास्त व किफायतशीर किंमत, ती एकरकमी मिळावी यासाठी होणारी आंदोलने, इचलकरंजीचे यंत्रमाग, हुपरीचे चांदीकाम, शिरोली व गोकुळ शिरगाव येथील फाउंड्री, २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली कोल्हापुरी चप्पल, १९६३ पासूनचा ‘गोकुळ’ दूध संघ, आणि २००५, २०१९ व २०२१ च्या महापुरांनी पंचगंगाकाठच्या संसारांचे केलेले नुकसान, यांपैकी कोणताही एक विषय चांगल्या प्रबंधाला पुरेसा आहे. साखरेपुरता तर क्यूबाचा अभ्यासक आणि कोल्हापूरचा अभ्यासक यांना प्रश्न सारखाच पडतो. क्यूबाने १९७० च्या हंगामात एक कोटी टन साखरेचे लक्ष्य ठेवून देशाची सारी शक्ती उसाकडे वळवली, उत्पादन सुमारे ८५ लाख टनांवर थांबले आणि त्या खटाटोपात इतर क्षेत्रे मागे पडली. २००२ मध्ये तर तेथील जवळजवळ निम्मे कारखाने बंद करण्याचा निर्णय झाला. एका पिकावर उभा असलेला प्रदेश त्या पिकातून बाहेर कसा पडतो, हे तेथे सरकारी मालकीच्या आणि येथे सहकारी मालकीच्या चौकटीत तपासता येते. कोल्हापुरातल्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने अशी तुलना हाती घेतली तर ती नवलाई न ठरता उपयुक्त कामच ठरेल, मात्र त्यासाठी स्पॅनिश वाचता येणे किंवा निदान इंग्रजीतून उपलब्ध असलेले परिषदांचे खंड चाळणे भाग आहे.

‘आविष्कार’ने ग्रामीण महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना संशोधनाच्या व्यासपीठावर आणले, हे त्याचे मोठे यश आहे, गडहिंग्लज किंवा शिराळ्याच्या मुलीला मुंबई-पुण्याच्या स्पर्धकांशेजारी मराठीतून आपली पाहणी मांडता येणे ही साधी गोष्ट नव्हे. पण सामाजिक शास्त्रांपुरता त्याचा घाट सोयीचा नाही. प्रयोगशाळेतील यंत्र किंवा पिकाचे वाण पोस्टरवर दाखवता येते. नमुना कसा निवडला, म्हणजे शंभर कुटुंबे कोणत्या यादीतून आणि कोणत्या पद्धतीने उचलली, प्रश्न विचारताना बायकांची उत्तरे पुरुषांसमोर घेतली की वेगळी, आकड्यांतला सहसंबंध कार्यकारणभाव म्हणून खपवला आहे का, या गोष्टी तपासायला परीक्षकाला लेखी निबंध निवांत वाचावा लागतो. काही मिनिटांच्या प्रश्नोत्तरांत आकर्षक आलेख आणि सफाईदार बोलणे यांना नकळत झुकते माप मिळते. त्याहून गंभीर उणीव प्रकाशनाची आहे. विजेत्यांची नावे वृत्तपत्रांत येतात, विद्यापीठाच्या अहवालात पदकांची संख्या नोंदली जाते, पण तो अभ्यास पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्याला हाती धरून वाचता येईल अशा स्वरूपात क्वचितच उरतो. परिणामी तोच महिला बचत गटांचा किंवा ऊसतोड मजुरांचा विषय दरवर्षी जणू नव्याने सुरू होतो. क्यूबाविषयक स्पर्धेला ‘आविष्कार’चा व्याप नाही, परंतु तिचा निबंध खंडात उतरतो आणि पुढचा अभ्यासक त्यावर टीका करू शकतो, या एका बाबतीत लहान स्पर्धा मोठीच्या पुढे आहे.

राष्ट्रीय पातळीवर भारतीय विद्यापीठ संघाचे ‘अन्वेषण’ हे विद्यार्थी संशोधन संमेलन असून त्यात सामाजिक शास्त्रे, मानव्यविद्या, वाणिज्य व विधी यांचा एकत्र गट असतो. पीएच.डी. प्रबंधांसाठी मुंबईस्थित एक्झिम बँकेने १९८९ मध्ये सुरू केलेला आंतरराष्ट्रीय अर्थशास्त्र संशोधन पुरस्कार महत्त्वाचा असला तरी तो व्यापार, भांडवल व विकास यांच्याशी निगडित प्रबंधांपुरता आहे. मराठीत लिहिलेल्या आर्थिक संशोधनाला मराठी अर्थशास्त्र परिषद आणि तिचे ‘अर्थसंवाद’ हे नियतकालिक व्यासपीठ देतात.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात २०२३-२४ पासून पदव्युत्तर अभ्यासक्रमात संशोधन प्रकल्पाला श्रेयांक, म्हणजे पदवीसाठी मोजले जाणारे गुणभार, मिळू लागले आणि पदवी पातळीवर क्षेत्र प्रकल्प आला. एम.फिल. ही पदवी २०२२ च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनी बंद झाली असल्याने पदव्युत्तर प्रबंध हाच आता संशोधनाचा पहिला खरा टप्पा ठरला आहे. स्पर्धेसाठी खास तयार केलेल्या प्रकल्पांऐवजी या प्रबंधांतूनच पारितोषिकासाठी निवड व्हावी, मूळ प्रश्नावली व आकडेवारी विद्यापीठाच्या बॅ. बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयासारख्या ठिकाणी जतन व्हावी आणि विजेते निबंध वार्षिक खंडात छापले जावेत, एवढे झाले तरी ‘आविष्कार’मधील सामाजिक शास्त्रांच्या विभागाचे मोल आजच्यापेक्षा कितीतरी वाढेल.