फुलीचा स्क्रूड्रायव्हर आणि महाडचा पूर

आज इतिहास एका छोट्याशा हत्याराचा.

22 जुलै 2021. सावित्रीचं पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरलं. पाणी ओसरल्यावर गाळातला मिक्सर खोलायला बसलो, तर पलंगाखालची माझी हत्यारपेटी गंजलेली. तसाच फुलीचा स्क्रूड्रायव्हर दाबून फिरवला आणि स्क्रूचं डोकंच गुळगुळीत झालं!

ही फुली आली कुठून? जुन्या चपट्या खाचेतून पातं बाजूला सरकायचं. अमेरिकेतल्या हेन्री फिलिप्सने फुलीची खाच पुढे आणली. 1936 मध्ये पेटंट मिळालं आणि कॅडिलॅक गाड्यांच्या जुळणीत ती वापरात आली. टोक आपोआप मधोमध बसतं, म्हणून काम झपाट्याने होतं. पण टोक झिजलेलं किंवा मापाला लहान असलं, की ते उसळतं आणि खाच खातं. माझं तेच झालं.

म्हणून घेताना दोन मापं घ्याच: घरकामाला 2 नंबर, बारीक स्क्रूंना 1 नंबर. टोक खाचेत डुगडुगता कामा नये. वापरून झालं की पुसा, तेलाचा हात फिरवा. नावात पोलाद असलं तरी पोलादपूरच्या पावसात पोलादही गंजतं!

आणि पेटी? आता पोटमाळ्यावर. पाणी उतरल्यावर पहिली तीच लागते.