वीजघराला वीज कोण देणार?

आमच्याकडे जळगावला लोडशेडिंगचे दिवस ज्यांनी काढलेत त्यांना मेणबत्तीचं पुराण सांगायला नको. रात्री बाराला लाइट येणार म्हणून केळीच्या बागेला पाणी द्यायला निघालेली माणसं मी पाहिली आहेत. भुसावळजवळ दीपनगरची उंच धुराडी दिसायची आणि आम्ही त्यांच्याकडे बघून म्हणायचो, दिव्याखाली अंधार तो हाच!

एकदा तिथल्या कामाची माहिती असलेल्या आमच्या एका मामांना मी सहज विचारलं, "मामा, तुमच्या पॉवर हाऊसची लाइट जाते का हो?" ते हसले. म्हणाले, "अरे, बंद पडलेला संच सुरू करायला आधी बाहेरून वीज लागते. पाण्याचे पंप, हवेचे पंखे, कोळशाच्या गिरण्या, सगळं विजेवरच तर चालतं." मला तोवर वाटायचं की वीजघर म्हणजे विहीर, तिला काय पाणी कमी! ते वाक्य मात्र डोक्यात बसलं. पुढे भूकंप आणि वीजघरं यांच्याबद्दल जे जे वाचलं, ते शेवटी त्याच वाक्यापाशी येऊन थांबलं.

सुरुवात घरापासून, म्हणजे कोयनेपासून. ११ डिसेंबर १९६७, पहाटेचे ४ वाजून २१ मिनिटं. कोयनानगरला ६.३ ते ६.५ तीव्रतेचा भूकंप झाला. सुमारे १८० ते २०० माणसं गेली, वसाहतीतली घरं कोसळली. पोफळीचं वीजघर डोंगराच्या पोटात आहे. तिथली यंत्रं बंद पडली, मुंबईचा वीजपुरवठा तुटला आणि कारखाने थांबले. धक्का बसला साताऱ्याच्या घाटात, अंधार झाला मुंबईत. मुंबईजवळ टाटांची खोपोली, भिवपुरी, भिरा ही जुनी जलविद्युत केंद्रं होती, ट्रॉम्बेचं औष्णिक केंद्रही होतं. पण राज्याचा मोठा भार एकाच खोऱ्यावर टाकला की काय होतं, ते त्या पहाटे कळलं.

धरण १०३ मीटर उंच. ते उभं राहिलं, पण जिथे त्याच्या मागच्या बाजूचा उतार बदलतो तिथे अनेक खंडांना आडव्या भेगा पडल्या. आराखडा करताना भूकंपाचा जोर गुरुत्वाकर्षणाच्या ०.०५ पट धरलेला होता. धरणातच बसवलेल्या यंत्राने प्रवाहाच्या दिशेने ०.४९ पट आणि धरणाच्या लांबीच्या दिशेने ०.६३ पट धक्का नोंदवला. हे आकडे थेट एकमेकांशी तोलता येत नाहीत असं अभियंते सांगतात, आणि ते खरंच आहे. तरी आपला अंदाज किती तोकडा होता ते कळतंच. त्या काळी दख्खनचं पठार म्हणजे न हलणारी भूमी अशीच समजूत होती. मग भेगा रसायनाने भरल्या, पोलादी तारांनी धरण ताणून बांधलं आणि १९७३ पर्यंत मागून काँक्रीटचे भक्कम टेकू दिले. धरण आजही काम करतंय.

पाण्याच्या वीजघराचा एक मोठा गुण असा, की दरवाजा बंद केला की काम थांबतं. अणुभट्टीचं तसं नाही. कोयनेच्या भूकंपानंतर दोन वर्षांनी, ऑक्टोबर १९६९ मध्ये, तारापूरचं अणुवीज केंद्र सुरू झालं. त्याच्या भट्ट्या अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकच्या, उकळत्या पाण्याच्या जातीच्या. त्याच जातीची, जरा पुढच्या पिढीची पहिली भट्टी १९७१ मध्ये जपानमध्ये फुकुशिमा दाइची इथे चालू झाली.

अशी भट्टी बंद केली तरी इंधन तापलेलंच राहतं. बंद केल्या क्षणी ती पूर्ण ताकदीच्या सहा-सात टक्के उष्णता देत असते. फुकुशिमाची पहिली भट्टी सुमारे १,३८० मेगावॅट उष्णतेची. म्हणजे बंद झाल्यावरही जवळपास ९० मेगावॅट! १९६८ मध्ये भुसावळला जो पहिला संच लागला तो ६२.५ मेगावॅट विजेचा. उष्णता आणि वीज एक नव्हे, पण कल्पना यावी म्हणून सांगतो. ही उष्णता तासागणिक कमी होते, पण पाणी फिरत राहिलं पाहिजे. आणि पाणी फिरवायला वीज लागते. आले ना मामांच्या वाक्यावर?

११ मार्च २०११ ला दुपारी पावणेतीनच्या सुमारास ९.० तीव्रतेचा भूकंप झाला. चालू असलेल्या तिन्ही भट्ट्या आपोआप बंद झाल्या. इथवर सगळं ठरल्याप्रमाणे. पण बाहेरून येणारी वीज तुटली. डिझेल जनरेटर लागले, तेही ठरल्याप्रमाणे. पाऊण-एक तासात १४-१५ मीटरची लाट आली आणि तळघरातले जनरेटर, वितरणाच्या पेट्या, बॅटऱ्या पाण्यात गेल्या. नियंत्रण कक्षात काळोख झाला. कामगारांनी टॉर्च घेतले, गाड्यांच्या बॅटऱ्या काढून मोजमापाच्या काट्यांना जोडल्या. हजारो कोटींच्या केंद्रात पाण्याची पातळी कळावी म्हणून गाडीची बॅटरी! जनरेटरच्या गाड्या पाठवल्या, त्या रस्त्यांवर अडकल्या. कशीबशी केबल ओढली, तोच १२ मार्चला पहिल्या युनिटच्या इमारतीत हायड्रोजनचा स्फोट झाला आणि केबल निकामी झाली. बाहेरची वीज दुसऱ्या युनिटपर्यंत पोचायला २० मार्च उजाडला. तोवर तीन भट्ट्यांतलं इंधन वितळून गेलं होतं.

त्याच आवारात पाचवं आणि सहावं युनिट वाचलं. कारण सहाव्याचा एक जनरेटर हवेने थंड होणारा होता आणि पाण्यापासून दूर होता. त्या एकाने दोन भट्ट्या सांभाळल्या. एवढ्या मोठ्या कारखान्याचं नशीब एका जनरेटरच्या जागेवर ठरलं.

मग टोकियोत काय झालं? लोडशेडिंग! १४ मार्चपासून भाग पाडून साधारण तीन-तीन तास वीज बंद, वेळापत्रक जाहीर. वाचून मला हसूही आलं आणि वाईटही वाटलं. पश्चिम जपानात वीज होती की, मग ती का घेता आली नाही? कारण पूर्वेकडे ५० हर्ट्झ आणि पश्चिमेकडे ६०. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टोकियोने जर्मन यंत्रं घेतली, ओसाकाने अमेरिकन. त्या खरेदीचा हिशेब शंभराहून जास्त वर्षांनी चुकवावा लागला. दोन्हींच्या मध्ये वीज बदलून देण्याची क्षमता तेव्हा हजार मेगावॅटच्या आसपास होती, ती पुढे वाढवली. त्या उन्हाळ्यात मोठ्या ग्राहकांना १५ टक्के कपात सक्तीची झाली, मोटारींच्या कारखान्यांनी सुट्टी गुरुवार-शुक्रवारी घेतली. आपल्याकडच्या औद्योगिक वसाहतींना वार बदलून सुट्ट्या घेणं काही नवं नाही.

आता आपल्या तापीकडे. जळगाव-धुळे भागातून वाहत जाणारी ही नदी पुढे गुजरातमध्ये उकाईच्या धरणात अडते आणि त्याखाली काकरापारला अणुवीज केंद्र आहे. २६ जानेवारी २००१ ला भूजच्या भूकंपात कच्छमधली उपकेंद्रं मोडली, पण काकरापार चालूच राहिलं. हे श्रेय द्यायलाच हवं. पण त्याच केंद्रात जून १९९४ मध्ये, भूकंप नसताना, नुसत्या पावसाने टर्बाइनच्या इमारतीच्या तळघरात पाणी शिरलं होतं. फुकुशिमाच्या १७ वर्षं आधी तळघराने आपल्याला शिकवलं होतं म्हणायचं. आता तिथे ७०० मेगावॅटची दोन नवी युनिटंही आली आहेत.

आणि खानदेश काही हलत नाही असंही नाही. १४ मार्च १९३८ ला सातपुड्यात सहाच्या वरचा भूकंप झाला होता. ते आठवणारं आता फारसं कुणी उरलेलं नाही. साठ-सत्तर वर्षं जमीन गप्प राहिली की माणूस तिला स्थिर म्हणतो. कोयनेला आपण हेच म्हटलं होतं, जपान्यांनी लाटेच्या उंचीबाबत हेच केलं.

फुकुशिमाच्या भट्टीतून वितळलेल्या इंधनाचा पहिला नमुना बाहेर आला तो नोव्हेंबर २०२४ मध्ये. वजन एक ग्रॅमपेक्षा कमी. आत सुमारे ८८० टन आहे.

अणुवीज हवी की नको, हा वाद मी इथे घालणार नाही, तो माझ्या आवाक्याबाहेरचा आहे. मला फक्त एवढंच वाटतं, की कुठल्याही नव्या केंद्राच्या उद्घाटनाला भिंत किती जाड हे सांगतात, तेव्हा कुणीतरी उठून विचारावं: जनरेटर कुठे ठेवलाय? वर की तळघरात?

मामा असते तर त्यांनी पहिल्यांदा तेच विचारलं असतं.