गच्चीवरील कायमस्वरूपी पुष्परचना : आधी भार, मग बहर

माळव्याच्या पठारावर, लेबड–जावरा महामार्गालगत वसलेल्या बदनावरसारख्या गावात उपाहारगृहाच्या गच्चीवर कायमस्वरूपी पुष्परचना करायची, तर फुलांच्या निवडीआधी स्लॅबची क्षमता तपासणे अनिवार्य ठरते. ही रचना समारंभापुरती सजावट नसून मुळांसह वाढणारी बाग असते, आणि तिचा भार वर्षागणिक वाढत जातो.

भार : भारतीय मानक ८७५ (भाग २) नुसार वावर असलेल्या सपाट छतासाठी दर चौरस मीटरला सुमारे १५० किलो भार गृहीत धरतात. मात्र ३० सेंटिमीटर खोलीची भिजलेली माती तेवढ्याच जागेत ५०० किलोंहून अधिक भरते. त्यामुळे संरचना अभियंत्याच्या सल्ल्याने मोठे वाफे तुळया व खांबांच्या रेषेवर ठेवावेत. माळव्याची काळी माती भिजल्यावर फुगते व निचरा रोखते. तिच्याऐवजी कोकोपीट, कंपोस्ट व वाळूचे हलके मिश्रण वापरावे.

पाणी : धार जिल्ह्यातच मांडू येथील जहाज महालाच्या गच्चीवर जलकुंड आणि नागमोडी पन्हळ आहे. पंधराव्या शतकातील ही योजना जाड दगडी भिंतींनी पेलली. आजच्या काँक्रीटच्या स्लॅबला जलरोधक थर, मूळरोधक पत्रा आणि निचऱ्याचा उतार लागतो. माती भरण्यापूर्वी गच्चीवर किमान २४ तास पाणी साठवून गळती तपासावी.

वनस्पती : उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, वाराही जोराचा असतो. कडेला जाळीवर बोगनवेल व मधुमालती, सावलीच्या कोपऱ्यात अबोली, उन्हाळ्यासाठी मोगरा आणि हिवाळ्यासाठी शेवंती, अशा क्रमाने बहर टिकतो. बोगनवेलीचे काटे ग्राहकांपासून दूर ठेवावेत. कण्हेर सर्वांगाने विषारी असल्याने भोजनाच्या मेजांजवळ लावू नये. रातराणीचा उग्र गंध अन्नाच्या सुवासावर मात करतो. कठड्यावर सुट्या कुंड्या ठेवणे वाऱ्यामुळे धोक्याचे असते.

गोव्यासाठी : गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. त्यामुळे तेथे ठिबक सिंचनापेक्षा निचऱ्याच्या नळ्या अधिक महत्त्वाच्या ठरतात, तर किनाऱ्यालगत खाऱ्या वाऱ्यामुळे जाळीचे लोखंड लवकर गंजते.

देखभाल : पावसाळ्यापूर्वी नळ्यांची सफाई, बहरानंतर छाटणी आणि दरवर्षी स्लॅबची पाहणी, या तिन्हींवर रचनेचे कायमपण अवलंबून असते.