एकदांडी : एका परदेशी तणाच्या औषधी परंपरेचा इतिहास

प्रस्तावना

महाराष्ट्रात बांधावर, पडीक जमिनीत व बागेत सहज आढळणारे तण म्हणजे एकदांडी. दगडी पाला, कंबरमोडी ही तिची अन्य नावे. काम करताना विळा लागल्यास तिचा पाला चुरगळून रस जखमेवर पिळण्याची रीत ग्रामीण भागात परिचित आहे. ही रीत सामान्यतः प्राचीन समजली जाते. प्रस्तुत लेखात या समजुतीची ऐतिहासिक चिकित्सा केली आहे.

आगमन व स्वीकार

लिनियसने १७५३ मध्ये या वनस्पतीस ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स हे नाव दिले व व्हेराक्रूझ हे तिचे स्थान नोंदविले. ती मूळची उष्णकटिबंधीय अमेरिकेतील असल्याने चरक व सुश्रुत संहितांत तिचा उल्लेख संभवत नाही. तिचे बी केसाळ तुऱ्यामुळे वाऱ्याबरोबर पसरते. त्यामुळे नव्या भूमीत ती सहज रुजली. ती सूर्यफुलाच्या, म्हणजेच माक्याच्याही कुळातील आहे. तिचा उपयोग मात्र ग्रंथांतून नव्हे, तर शेतकरी, गुराखी व मजूर यांच्या अनुभवातून सिद्ध झाला असावा. उंदरांवरील प्रयोगांत तिच्या अर्काचा जखम भरण्यास उपयोग दिसून आला आहे. तथापि तेवढ्यावरून मानवी उपचाराबाबत निर्णायक विधान करता येत नाही.

परंपरेचा पुरावा

जखमेवरील हळदीच्या उपयोगासाठी अमेरिकेत १९९५ मध्ये दिलेले पेटंट वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या आक्षेपानंतर १९९७ मध्ये रद्द झाले. या लढ्यात जुने लिखित दाखले निर्णायक ठरले. पुढे २००१ मध्ये सुरू झालेला पारंपरिक ज्ञानाचा अंकीय संग्रहही मुख्यतः ग्रंथांवर आधारलेला आहे. ज्या उपचाराला प्राचीन ग्रंथाचा आधारच नाही, तो अशा संग्रहाच्या कक्षेबाहेर राहण्याचा धोका असतो. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार स्थानिक समित्यांनी तयार करावयाच्या लोक जैवविविधता नोंदवह्यांचे महत्त्व येथेच स्पष्ट होते.

निष्कर्ष

एकदांडीचा उपयोग पारंपरिक आहे, पण प्राचीन नाही. परंपरा केवळ वारशाने मिळत नाही. ती नव्याने घडतही असते. प्राचीनत्व हाच परंपरेचा निकष मानल्यास निरक्षर श्रमिकांनी निर्माण केलेले ज्ञान इतिहासातून वगळले जाईल. म्हणून अशा मौखिक ज्ञानाची स्थळ, काळ व सांगणाऱ्याच्या संमतीसह नोंद होणे अगत्याचे आहे.