सार्क-एफ प्रश्नावली : अरबी रूपांतर

वार्धक्यात स्नायूंचे बळ व वस्तुमान घटत जाण्याच्या विकाराची (सार्कोपेनिया, स्नायुक्षय) शक्यता ओळखणाऱ्या सार्क-एफ या चाळणी प्रश्नावलीचे अरबीभाषक ज्येष्ठांसाठीचे रूपांतर. मूळ इंग्रजी प्रश्नावली अमेरिकेतील सेंट लुइस विद्यापीठाच्या थिओडोर माल्मस्ट्रॉम व जॉन मॉर्ली यांनी २०१३ मध्ये मांडली.

स्वरूप : प्रश्न पाच असून प्रत्येकाला ० ते २ गुण असतात. १० पौंड (सु. ४.५ किग्रॅ.) वजन उचलून नेणे, खोलीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालणे, खुर्चीवरून किंवा पलंगावरून उठणे आणि १० पायऱ्या चढणे यांत किती अडचण येते, हे चार प्रश्नांत विचारतात. पाचवा प्रश्न वर्षभरातील पडण्याविषयी आहे : एकदाही न पडल्यास ०, १ ते ३ वेळा पडल्यास १ व त्याहून अधिक वेळा पडल्यास २ गुण. बेरीज ४ किंवा अधिक आल्यास पुढील तपासणी करतात.

भाषा व आशय : लिखित प्रमाण अरबी मोरोक्कोपासून इराकपर्यंत एकच असली, तरी ईजिप्त, शाम (सिरिया-लेबनॉन परिसर), आखात व मगरिब (वायव्य आफ्रिका) येथील घरगुती बोली बऱ्याच वेगळ्या आहेत. कमी शिकलेल्या वृद्धांना प्रश्न वाचून दाखवावे लागतात. म्हणून वाक्ये छोटी व शब्द सर्वपरिचित ठेवतात. विचारणाऱ्याने आयत्या वेळी स्वतःच्या बोलीत अर्थ सांगितल्यास उत्तरांची तुलना बिघडते. त्यामुळे स्पष्टीकरणही आधी ठरवून घेणे इष्ट असते. पौंडाऐवजी किलोग्रॅम वापरतात. जमिनीवर बसण्याची सवय किंवा नमाजातील सजदा ध्यानात घेऊन ‘खुर्ची’च्या जागी ‘जमीन’ घातल्यास प्रश्न अधिक कठीण होतो आणि मूळ गुणांकनाशी मेळ राहत नाही.

पद्धती : अशा रूपांतरांत सामान्यतः दोन स्वतंत्र भाषांतरे करून त्यांचा एक मसुदा बनवितात. मूळ प्रश्नावली न पाहिलेले भाषांतरकार तो पुन्हा इंग्रजीत आणतात. तज्ज्ञसमिती तफावती मिटविते आणि ३० ते ४० व्यक्तींवर पूर्वचाचणी होते.

परीक्षण : त्याच व्यक्तींना काही दिवसांनी पुन्हा प्रश्न विचारून उत्तरांचे सातत्य पाहतात. यथार्थता ठरविण्यासाठी गुणांची तुलना प्रत्यक्ष मोजमापांशी करतात. सार्कोपेनियाविषयक यूरोपीय कार्यगटाच्या २०१९ च्या सुधारित निकषांनुसार मुठीचे बळ पुरुषांत २७ व स्त्रियांत १६ किग्रॅ.पेक्षा कमी असल्यास ते क्षीण मानतात. निदानाच्या निश्चितीसाठी स्नायूंचे वस्तुमान मोजतात.

मर्यादा : विविध भाषांतील अभ्यासांत सार्क-एफची विशिष्टता (विकार नसलेल्यांना वगळण्याची क्षमता) चांगली, पण संवेदनशीलता (विकार असलेल्यांना ओळखण्याची क्षमता) कमी आढळते. त्यामुळे कमी गुण आले म्हणून विकार नाही, असे ठरत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी २०१६ मध्ये ब्राझीलमधील संशोधकांनी पोटरीच्या घेराची जोड देऊन सार्क-कॅल्फ ही आवृत्ती सुचविली. मात्र घेराची सीमा त्या त्या लोकसमूहात तपासून घ्यावी लागते.